बिघाड वायरलेसमध्ये नव्हता

मी खोटं बरं बोलतो. ही फुशारकी नाही, पुरावा आहे. दीड वर्षापूर्वी मी एकच वाक्य खोटं बोललो, आणि ते इतकं पटलं की कंपनीने वाघजाईच्या सड्यावरचे बावीसच्या बावीस वायरलेस बदलले, वायरलेस तपासून देणाऱ्या दिगंबर लाडांना स्टोअरमधून उचलून फाटकावर बसवलं, आणि मेहरूनताई मुलाणी त्यांच्याशी बोलायची बंद झाली. वाक्य असं होतं: "ताई, तुझा आवाजच आला नाही गं, वायरलेस मेला होता."

वायरलेस ठणठणीत होता. मी झोपलो होतो.

आमचा सडा म्हणजे कोयनेच्या वरच्या अंगाचं सपाट कातळाचं पठार. त्यावर साठ पवनचक्क्या आहेत, आम्ही त्यांना पंखेच म्हणतो. पात्याला भेग पडली की ड्रोन फोटो काढतो, संगणक भेग किती खोल ते सांगतो, आणि मग ती राळेने बुजवायला दोन माणसं एकशेवीस मीटर वर चढतात. एक जण दोराला लोंबकळत पात्याच्या कडेने खाली उतरतो. दुसरा पंख्याच्या डोक्यावर बसून दोर सांभाळतो, खालचा म्हणाला 'सोड' की सोडतो आणि 'ओढ' म्हणाला की ओढतो. त्याला आम्ही धरणारा म्हणतो. यंत्रांची एवढी प्रगती झाली, पण धरणाऱ्याची खुर्ची अजून माणसाकडेच आहे, कारण वाऱ्यात खालच्याचा जीव कधी घाबरला ते आवाजावरून माणसालाच कळतं.

त्या दिवशी ताई खाली होती आणि मी धरणारा. ती 'ओढ' म्हणाली आणि मी ओढलं नाही. वारा चढत होता, ती वीस मिनिटं पात्यावर आपटत राहिली. माझं हेल्मेट कठड्यावर आदळलं तेव्हा मला जाग आली. वर घेतली तेव्हा तिच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. मग मी ते वाक्य बोललो.

झोप कशाने लागली ते सांगतो. चार वर्षांपूर्वी मी, सिद्धनाथ झोरे, वय तेव्हा चौतीस, पंख्याच्या आतल्या शिडीवरून घसरलो आणि उजवा खांदा निखळला. खांदा बसवला, दुखण्यावर ट्रामाडॉलच्या गोळ्या मिळाल्या. दुखणं महिन्यात गेलं, गोळ्या राहिल्या. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या बारा. शेवटी शेवटी त्या बारा गोळ्यांनी कुठलंच सुख मिळत नव्हतं, गोळी नसल्याचा त्रास तेवढा थांबत होता. ताईला वर घेतल्यावर तिचे तळहात पाहिले आणि माझी मला घृणा वाटली. घरी जाऊन तेजलला खरं सांगितलं. माझी बायको दूध संकलन केंद्रात काम करते, पाणी घातलेलं दूध यंत्राच्या आधी जिभेने ओळखते. तिच्यापुढे माझं खोटं कधीच टिकलं नाही.

ती मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर कालिंदी ठोसर पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणाऱ्या. मी भाषण तयार करून गेलो होतो, लाज वाटते, चूक झाली, पुन्हा करणार नाही वगैरे. तेवढं एकच त्यांनी ऐकलं नाही.

"झोरे, शेवटची गोळी कधी घेतली?"

"सकाळी सहाला."

"मग आज औषध देता येणार नाही. उद्या या. जांभया, नाकाला पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, हे सगळं चांगलं सुरू झालं की या."

मला वाटलं बाई शिक्षा देताहेत. "त्रास व्हायला लागल्यावर यायचं?"

"हो. आधी दिलं तर याहून जास्त त्रास होईल. बसा, समजावते."

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं. आपल्या मेंदूत काही जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. शरीर स्वतःही थोडं वेदनाशामक बनवतं आणि ते या जागांवर जाऊन बसतं. बाहेरून गोळ्या यायला लागल्या की त्याच जागा त्या पटकावतात. रोज आल्या की शरीर आपलं काम कमी करतं, जागाही निबर होतात, आणि तेवढ्याच परिणामाला जास्त गोळ्या लागतात. मग गोळ्या एकदम थांबवल्या की त्या रिकाम्या जागा अंगभर बोंब मारतात. याला निश्चय कमी पडला असं म्हणत नाहीत. हा शरीराचा बदललेला स्वभाव आहे, आणि तो महिन्याभरात पूर्ववत होत नाही.

ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध त्याच जागांवर बसतं, पण काम अर्धवट करतं. हे 'अर्धवट' डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा मला ते पंख्यावरून कळलं. वारा वाढला की पंख्याची वीज वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे पाती आपोआप कलतात, आणि वारा दुप्पट झाला तरी वीज तेवढीच राहते. या औषधाचं तसंच आहे. जागा भरलेल्या राहतात म्हणून बोंब थांबते, पण नशा चढत नाही, आणि श्वास मंदावण्याचा धोका पुष्कळ कमी असतो. त्यात दारू आणि झोपेच्या गोळ्या मिसळायच्या नाहीत, एवढी सक्त ताकीद. शिवाय ते जागेला असं चिकटून बसतं की वरून दुसरी गोळी आली तरी तिला शिरकाव मिळणं अवघड. पण याच चिकटपणामुळे पहिल्या दिवशी थांबावं लागतं. आधीच्या गोळ्या बसलेल्या असताना हे दिलं तर ते त्यांना एका झटक्यात उठवून लावतं आणि माणूस गडबडा लोळतो.

दुसऱ्या दिवशी मी थरथरत गेलो. सिस्टरने जिभेखाली गोळी ठेवली आणि बजावलं, गिळायची नाही, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. दहा मिनिटं लागली. तेजल म्हणाली, लग्नानंतर इतका वेळ तुम्ही पहिल्यांदाच गप्प बसलात. तासाभरात अंगावरचा काटा गेला. नशा नव्हती, तापातून उठल्यावर पेजेची भूक लागते तसं काहीतरी वाटत होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी पोळीचा रोल खाल्ला आणि खाता खाता रडलो, कारण मला बरं वाटत होतं.

दोन आठवड्यांनी जिभेखालच्या गोळीऐवजी दाणा बसवला. हे नवं होतं, आमच्या तालुक्यात मी चौथा. ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली, त्यात सहा महिन्यांचं औषध, संपलं की नवा बसवायचा. मनगटावर एक पट्टी असते. ती घाम, नाडी आणि श्वास पाहते, आणि दाणा त्यावरून औषध कणभर कमी-जास्त सोडतो. गोळ्या विकणारा जुना माणूस रस्त्यात भेटला तर मला गोळीची ओढ लागल्याचं माझ्या आधी पट्टीला कळतं. पण कायद्याने त्यात एक गोष्ट मुद्दाम घातलेली आहे. दाण्याचा मालक रुग्ण. मी तो कमी करू शकतो, बंद करू शकतो. पट्टी इशारा देईल, विचारेल, पण मी 'नाही' म्हटलं तर कुणालाही कळवणार नाही.

"किती दिवस ठेवायचा?" मी विचारलं.

"लागेल तितके. कुणाला वर्ष, कुणाला दहा. काही जण कायम ठेवतात. लवकर काढला म्हणून कुणी बक्षीस देत नाही."

पुढचं दीड वर्ष चांगलं गेलं, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. बद्धकोष्ठाचा त्रास झाला, इसबगोलाशी मैत्री झाली. पहिले दोन महिने घाम फार यायचा. मंगळवारी दवाखान्यात आठ-नऊ जणांचा गट बसायचा, त्यात एक निवृत्त मास्तर आणि एक ट्रकवाला माझे दोस्त झाले. डोक्यात सकाळपासून जो पुढच्या गोळीचा भुंगा असायचा तो गेला, आणि त्या जागी काय काय आलं! कांदाभजीचा वास आला, तेजलशी भांडणं आली, मुलीच्या शाळेच्या गप्पा आल्या. फक्त एक गोष्ट तशीच राहिली. कंपनीत मी सांगितलं होतं की खांद्याचं ऑपरेशन झालंय, आणि त्या जोरावर दोर सोडून कंट्रोल रूमची खुर्ची मिळवली होती. ताई रोज कँटीनमध्ये विचारायची, "कसा हाय खांदा?" मी म्हणायचो, "हळूहळू."

मग नियम बदलला. व्यसनाच्या उपचारात वर्षभर स्थिर असलेल्या माणसाला दोरावर परत घेता येईल, असं पत्रक निघालं. अट एकच होती. दोरावरच्या जोडीदाराला औषधाबद्दल सगळं सांगायचं, आणि त्याची हरकत नसल्याची सही आणायची. अट रास्तच होती. ज्याच्या हातात आपला जीव, त्याला काय आजार आहे हे माहीत असायलाच हवं. गंमत अशी की त्याच आठवड्यात ताईने कंपनीला लिहून दिलं, सिदू झोरेचा खांदा बरा झाला असेल तर मला माझा जोडीदार परत द्या. दोरावर परतण्याआधीच्या रक्ततपासणीची तारीख पडली, तीन आठवड्यांनंतरची.

मला दोर हवा होता. खुर्चीत बसून पडद्यावर पंखे पाहणं हे माझं काम नव्हे, माझ्या आज्याने मेंढरं राखली त्या सड्यावर मी वाऱ्यात उभा राहून मोठा झालोय. पण औषधाचं सांगायचं म्हणजे गोळ्यांचं सांगायचं, आणि गोळ्यांचं सांगितलं की त्या वीस मिनिटांचं आलंच. मग ताई दोर देईल होय? मी तिच्या जागी असतो तर दिला नसता.

आणि मला तोड सुचली. रक्तात औषधच सापडलं नाही तर सांगायचा प्रश्नच कुठे येतो?

इथे मी जी चूक केली ती आमच्या धंद्यातलाच माणूस करू जाणे. भरात चालणारा पंखा आम्ही एकदम बंद करत नाही, टप्प्याटप्प्याने उतरवतो. शंभर, ऐंशी, साठ, चाळीस, वीस, शून्य. बारा वर्षं हे काम केलंय, झोपेतही जमेल. तसाच मी पट्टीवरून दाणा उतरवला, रोज वीस टक्के, पाच दिवसांत शून्य. वहीत व्यवस्थित नोंदीसुद्धा ठेवल्या, वेळ, टक्के, नाडी. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी याला वर्ष लावलं असतं, म्हणून विचारलं नाही. पहिले काही दिवस काहीच झालं नाही, कारण हे औषध अंगातून फार सावकाश जातं. मी छाती फुगवून फिरत होतो. पंखा उतरवला तर पंख्याला काही वाटत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

आठव्या दिवशी सकाळी कंट्रोल रूममध्ये पहिली जांभई आली. मग लागोपाठ वीस. नाक गळायला लागलं, दंडावर काटा फुलला, पाय खुर्चीखाली आपोआप झटके द्यायला लागले. पट्टी मनगटावर थरथरली. "औषध फार कमी झालं आहे. डॉक्टरांना कळवू का?" मी 'नाही' दाबलं. अर्ध्या तासाने पुन्हा. पुन्हा 'नाही'. साडेदहाला मी कपाटातून माझं जुनं हेल्मेट काढलं आणि अस्तर उसवलं. आत गोळ्यांची एक स्ट्रिप होती. ती तिथे आहे हे मी विसरलो होतो, असं मी पुढे तेजलला सांगितलं. तेही खोटं होतं. दीड वर्ष मला ती रोज आठवत होती.

आठ गोळ्या तळहातावर काढल्या. पूर्वी बारा घ्यायचो, आठ म्हणजे मला संयम वाटला.

खोलीत मी एकटाच. समोरच्या पडद्यावर सदतीस नंबरचा पंखा दिसत होता, आणि त्याच्या पात्यावर लोंबणारी ताई, वर नव्यानेच आलेला कुणी धरणारा. वायरलेसवर तिचा आवाज आला, "ओढ." एवढंच. लगेच दोर ताठला आणि ती हातभर वर गेली. "बास." दोर थांबला. कुणीतरी जागं होतं, म्हणून ती वर गेली. इतकं साधं काम होतं ते. मी तळहातावरच्या गोळ्यांकडे पाहिलं आणि मला भीती वाटली. पट्टी पुन्हा थरथरली. या वेळी मी 'हो' दाबलं.

चार मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला.

"झोरे, हातात काही आहे का?"

"आठ."

"तोंडात गेली का एखादी?"

"नाही."

"शाब्बास. त्या टेबलावर ठेवा आणि दोन पावलं मागे सरा. सरलात? आता सांगा, आठच का?"

"पूर्वी बारा पचायच्या."

"पूर्वीचं शरीर वेगळं होतं. आता ती सवय मोडलीय, आणि अडवायला दाण्याचं औषधही राहिलेलं नाही. आज आठ घेतल्या असत्या तर फिट आली असती, नाहीतर श्वास थांबला असता. बहुतेक माणसं सुरुवातीला मरत नाहीत, अशा मधल्या दिवसांत मरतात. तेजलताईंना बोलावून घ्या, फवारा घेऊन. त्या आल्या की सगळे इकडे या, औषध पुन्हा कसं सुरू करायचं ते मी ठरवते."

फवारा म्हणजे नॅलोक्सोनचा. गोळ्या जास्त झाल्या तर नाकात मारायचा, तो त्यांना जागेवरून उठवून श्वास परत आणतो. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तो घरी दिला होता आणि तेजलला वापरायला शिकवलं होतं.

"मला काढून टाकणार का?" मी विचारलं.

"कशातून?"

"उपचारातून. मी फसवलं ना."

त्या हसल्या. "घसरलेल्या माणसाला दवाखान्याने काढलं, तर मग दवाखान्यात ठेवायचं तरी कुणाला? या तुम्ही. आणि हो, शेवटी 'हो' दाबलंत, ते कुणी सांगितलं म्हणून दाबलं नाहीत. तेही फाइलमध्ये लिहिणार आहे मी."

तेजल स्कूटरवरून वीस मिनिटांत आली, दुधाच्या वासाचा अॅप्रन अंगावर तसाच. टेबलावरच्या गोळ्या तिने रुमालात बांधल्या. ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"ताईंना सांगा," ती म्हणाली.

"ती सही करणार नाही."

"नाही केली तर नाही केली. खुर्चीत बसून तुम्ही शंभर वर्षं जगाल. हे लपवता लपवता मात्र मराल, आणि मग मी काय करू?"

मी तिला जवळ घेतलं आणि 'सांगतो' म्हणालो. खोटं नव्हतं.

औषध पुन्हा लागू पडायला दोन-तीन दिवस गेले. अंग ताळ्यावर आल्यावर मी ताईला शोधत दोरघराकडे गेलो. चव्वेचाळीस वर्षांची ही बाई सड्यावरची सगळ्यात जुनी दोरवाली. दोन मुली, नवरा नाही, आणि दोर धुवायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. बादलीशेजारी उकिडवी बसून दोर हाताने चाचपत होती.

"ताई, वायरलेस चांगला होता."

"कुठला रं?"

"दीड वर्षामागचा. मी झोपलो होतो. गोळ्या खाऊन."

तिचे हात थांबले नाहीत. मी सगळं सांगितलं, खांदा, बारा गोळ्या, दाणा, परवाच्या आठ, सगळं. सांगून झालं तरी ती दोर चाचपतच राहिली, एका ठिकाणी अंगठा फिरवत.

"मी कलमा म्हणत होते तिथं," शेवटी ती म्हणाली. "दोनदा म्हटला. पोरी कुणाकडं जातील, ह्योच इचार. आन् तू वर झोपला व्हतास."

"व्हय."

"आन् वर आल्यावर मी तुझंच पाणी प्याले. म्हटलं, बिचारा किती घाबरलाय."

ती उठली, ओले हात पदराला पुसले.

"चल."

"कुठं?"

"फाटकावर. त्या लाडमामाला मी भर कँटीनमधी काय काय बोलले, ठाऊक हाय न्हवं तुला?"

दिगंबर लाड कानटोपी घालून फाटकाच्या पत्र्याच्या खोलीत बसले होते. सड्यावरचा वारा त्या पत्र्याला दिवसभर बडवतो. वीस वर्षं स्टोअरमध्ये स्क्रूसुद्धा मापाप्रमाणे लावून ठेवणारा माणूस, आता येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत होता.

"मामा, वायरलेस चांगला होता," ताई म्हणाली.

"मला ठाऊक हाय. तीनदा तपासला व्हता मी. तसं लिहून बी दिलं व्हतं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोललो की. ऐकत कोण व्हतं?"

ताईने मान खाली घातली. मी पुढे होऊन सांगितलं की दोष माझा, मी खोटं बोललो, आणि तसं कंपनीला लिहून देतोय. मामांच्या शिवीची मी वाट पाहत होतो.

"आता बरा हाईस का?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

कंपनीला लिहून दिलं. मामा आठवड्यात स्टोअरमध्ये परत गेले, मला लेखी समज मिळाली, आणि सहीचा कागद ताईच्या टेबलावर जाऊन पडला. ती माझ्याशी बोलेना. कँटीनमध्ये दुसऱ्या टोकाला बसायची, खांद्याची चौकशी बंद झाली. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मला एक नवल कळलं. सही मिळणार नाही अशी माझी जवळजवळ खात्री होती, वाईटही वाटत होतं, पण दाण्याला हात लावावासा एकदाही वाटला नाही. उलट गाढ झोप लागत होती. खोटं सांभाळायला किती ताकद लागते हे ते टाकल्यावर समजलं. समोरून कुणी आलं की याला आपण काय सांगितलं होतं हे आठवायचं कामच उरलं नव्हतं. एवढं हलकं मला दोरावरही कधी वाटलं नव्हतं.

मधे एकदा डॉक्टरांचा फोन आला. मुलाणी नावाच्या बाई समोर बसल्यात, तुमच्या औषधाबद्दल विचारताहेत, बोलू का? मी म्हणालो, काहीही विचारू देत, सगळं सांगा.

रक्ततपासणी झाली होती, सहीच तेवढी राहिली होती. नवव्या दिवशी सकाळी नऊला निरोप आला, सदतीसच्या पायथ्याशी ये. ताई पंख्याच्या पायरीवर बसली होती. शेजारी दोराच्या दोन पिशव्या, मांडीवर तो कागद.

"बस. त्या डॉक्टरीणबाईला मी इचारलं, ह्यो परत झोपंल का. त्या म्हणाल्या, औषध ठरल्याप्रमाणं चालू असलं तर औषधानं न्हाई झोपायचा. बंद केलं तर मात्र भरवसा न्हाई."

"बरोबर हाय."

"मग इचारलं, ह्यानं गुपचूप बंद केलं तर मला कसं कळंल? तर म्हणाल्या, कळत न्हाई, त्यानं स्वतः तुमचं नाव घातलं तरच."

मी पट्टी तिच्यासमोर धरली आणि तिचं नाव, नंबर घातला. आता दाणा उतरवला तर माझ्या 'नाही'ला न विचारता तिला कळणार. पट्टीने दोनदा विचारलं, खात्री आहे का. दोन्ही वेळा मी 'हो' म्हणालो. ताईने आपल्या फोनवर ते आलेलं पाहिलं, फोन खिशात ठेवला आणि समोरच्या पंख्यांच्या रांगेकडे बघत राहिली.

"तुझ्यावरचा राग गेला न्हाई माझा," ती म्हणाली. "जायचा बी न्हाई इतक्यात. पण आठ दिस मी एकच इचार केला. ह्या सड्यावर दोर धरणारी तुझ्यासकट अकरा माणसं. त्यात कुणी आदल्या दिवशीची उतरायच्या आत येतं, कुणी बायकोशी भांडून येतं, कुणाला छातीत कळ येती आन् नोकरी जाईल म्हणून बोलत न्हाई. दहा जणांच्या अंगात काय हाय, मला ठाऊक न्हाई. इचारलं तर 'मी बरा हाय' म्हणत्यात. तू बी म्हणायचास." तिने पेन काढलं आणि कागद दोराच्या पिशवीवर ठेवून सही केली. "अकरांत तुझ्या एकट्याचं मला ठाऊक हाय."

कागद माझ्या हातात होता आणि मला त्यावरचं अक्षर दिसत नव्हतं. मी तोंड फिरवलं, खांदे हलत होते ते तिला दिसू नयेत म्हणून. अर्थात दिसलेच.

"रड की," मागून ताई म्हणाली. "पण लवकर आटप. अकरानंतर वारा वाढतो, त्याच्या आत मला पात्यावरनं खाली उतरायचंय."

मी नाक पुसलं आणि चढायचा पट्टा बांधायला घेतला.